क्रिएटिनिन वाढल्याचे कळल्यावर: मूत्रपिंड निकामी होण्याची कारणे, तपासण्या आणि उपचार

माझ्या वडिलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी ज्या तपासण्या झाल्या, त्यांतील एका कागदावर ‘सीरम क्रिएटिनिन १.९’ असे छापलेले होते आणि त्या आकड्यापुढे एक बारीक चांदणी होती. तेव्हा त्यांचे वय ६८ होते. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली, टाके सुकले आणि तो कागद गोव्यातील डिचोलीच्या घरातील कपाटात वीजबिलांच्या खाली गेला. त्या चांदणीचा अर्थ आम्ही कोणाला विचारला नाही आणि आम्हाला कोणी सांगितलाही नाही. पुढची चार वर्षे गुडघेदुखीसाठी ते फार्मसीतून वेदनाशामक गोळ्या आणून घेत राहिले. वयाच्या ७२ व्या वर्षी, एका पावसाळी रात्री आडवे होताच दम लागू लागला म्हणून त्यांना इस्पितळात नेले, तेव्हा क्रिएटिनिन ५.८ होते आणि मानेतील शिरेत नळी घालून तातडीने डायलिसिस (यंत्राने रक्त गाळून शुद्ध करणे) करावे लागले. ती चांदणी दिसली त्या दिवशी आम्हाला जे ठाऊक असायला हवे होते, ते येथे लिहिले आहे. औषध कोणते आणि किती घ्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. पण काय विचारायचे, काय जपायचे आणि कशाची तयारी कधी सुरू करायची, हे घरच्या माणसांना शिकता येते.

दुखत नाही, म्हणून कळत नाही

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, प्रत्येकी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीची मूत्रपिंडे, म्हणजे किडन्या, ही दोन इंद्रिये असतात. प्रत्येकात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात; त्यातील जवळजवळ सगळा द्रव शरीर परत शोषून घेते आणि दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर पडते. गाळण्याखेरीज रक्तदाब राखणे, पोटॅशियम आणि आम्ल यांचा तोल सांभाळणे, रक्तपेशी तयार करण्याचा संदेश अस्थिमज्जेला पाठवणे आणि हाडांसाठी जीवनसत्त्व ड कार्यक्षम करणे ही कामेही त्यांचीच आहेत. म्हणूनच मूत्रपिंडाच्या रुग्णाला रक्तक्षय होतो, हाडे दुखतात आणि रक्तदाब आवरत नाही. घरचे लोक मात्र या तीन तक्रारी घेऊन तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात.

निम्म्याहून अधिक गाळण्या निकामी होईपर्यंत उरलेल्या गाळण्या जादा काम ओढून नेतात, त्यामुळे माणसाला काहीच जाणवत नाही. कंबर दुखली म्हणून किडनी तपासायला येणाऱ्यांच्या कमरेचे दुखणे बहुधा स्नायूंचे निघते, आणि ज्यांची मूत्रपिंडे खरोखर खचत असतात त्यांचे काहीच दुखत नाही. लघवीला टिकून राहणारा फेस येणे, सकाळी डोळ्यांखाली व संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसणे, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावे लागणे, ही त्यातल्या त्यात लवकर दिसणारी चिन्हे आहेत. सकाळची मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, अंगाला खाज, न थांबणारी उचकी आणि आडवे झाल्यावर लागणारा दम ही लक्षणे फार उशिरा येतात.

अहवालातील आकडा कसा वाचावा

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून सतत तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. तो रक्तात साठू लागला की गाळणी मंदावली असे समजतात. परंतु नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबून राहणे धोक्याचे आहे, कारण ज्याचे स्नायू कमी त्याचे क्रिएटिनिनही मुळात कमीच असते. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.४ असेल तर त्याची गाळण्याची क्षमता सुमारे ७१ भरते; तोच १.४ हा आकडा पासष्ट वर्षांच्या बाईच्या कागदावर असेल तर तिची क्षमता अवघी ४२ च्या आसपास असते. वय आणि लिंग धरून काढलेल्या या क्षमतेला ईजीएफआर म्हणतात आणि बोलताना तो टक्क्यांसारखा वापरला तरी व्यवहारात चालते. वडिलांच्या त्या १.९ चा ईजीएफआर तेव्हा जवळपास ३८ होता. म्हणजे निम्म्याहून अधिक काम आधीच थांबलेले होते आणि आम्ही हर्निया बरा झाला म्हणून पेढे वाटत होतो.

ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, किंवा आकडा चांगला असूनही तेवढाच काळ लघवीतून प्रथिन जात राहिले, तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणतात. ६० ते ३० हा तिसरा टप्पा, ३० ते १५ हा चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. मूत्रपिंडे निकामी झाली असे आपण म्हणतो तो हा पाचवा टप्पा. तिसऱ्या टप्प्यातील पुष्कळ माणसे आयुष्यभर पाचव्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे आकडा ऐकून हातपाय गाळण्याचे कारण नाही. पण तो दर वर्षी किती उतरतो आहे हे मात्र माहीत असलेच पाहिजे.

दुसरी तपासणी लघवीची आहे आणि माझ्या मते तीच अधिक दुर्लक्षित आहे. सकाळच्या पहिल्या लघवीच्या नमुन्यात अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. ते ३० च्या खाली असावे, ३० ते ३०० ही धोक्याची सूचना आणि त्यापुढे आजार वेगाने वाढण्याची शक्यता अधिक. मधुमेहात रक्तातील क्रिएटिनिन बिघडण्याच्या कितीतरी आधी हा आकडा बोलू लागतो. तिसरी तपासणी सोनोग्राफी. तीत मूत्रपिंडे आक्रसलेली दिसली तर आजार जुना आहे असे समजतात. मधुमेहात मात्र जुन्या आजारातही त्यांचा आकार बरा दिसू शकतो.

घरी एक दोनशे पानी वही करावी आणि तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतील अल्ब्युमिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि वजन एवढ्यांचे रकाने आखावेत. आम्ही ती वही फार उशिरा केली. इस्पितळात ड्युटीवरचा डॉक्टर दर वेळी नवा असतो, जाडजूड फाईल चाळायला त्याला वेळ नसतो, आणि एका पानावर दोन वर्षांचा उतार दिसला की त्याचे प्रश्न लगेच बदलतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अचानक बंद पडणे निराळे

काही तासांत किंवा दिवसांत मूत्रपिंडे काम थांबवतात तो प्रकार वेगळा असतो आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकदा ती पुन्हा चालू होतात. गोव्यात पावसाळ्यात याचे एक नेहमीचे कारण म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, ज्याला सगळे लेप्टो म्हणतात. उंदीर आणि गुरे यांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि चिखलणीत, लावणीत किंवा कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) अनवाणी काम करणाऱ्याच्या पायावरील जखमेतून आत शिरतात. शेतात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लालसर किंवा पिवळे डोळे आणि कमी लघवी अशी लक्षणे एकत्र दिसली, तर दोन दिवस तापाची गोळी देऊन वाट पाहू नये. सुरुवातीलाच प्रतिजैविक मिळाले तर डायलिसिसची पाळी अनेकदा टळते.

गंभीर मलेरिया, घोणस चावणे, जुलाब-उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी होणे, बाळंतपणातील मोठा रक्तस्राव, खडा अडकणे आणि वयस्क पुरुषांत प्रोस्टेट वाढून लघवी तुंबणे, ही आणखी काही कारणे. तुंबलेली लघवी नळी घालून मोकळी केली की क्रिएटिनिन भराभर उतरते, म्हणून ‘किडनी गेली’ असे ठरवण्याआधी अडथळा कोठे नाही ना, हे सोनोग्राफीत पाहून घेतलेच पाहिजे. अशा आजारातून उठलेल्या माणसाने तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, कारण एकदा धक्का खाल्लेले मूत्रपिंड पुढे हळूहळू खचू शकते.

हळूहळू खचण्याची कारणे

पहिले स्थान मधुमेहाचे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के आढळले. ते सर्व राज्यांत सर्वाधिक होते आणि देशाची सरासरी ११.४ टक्के होती. चार प्रौढांमागे एक, असा त्याचा साधा अर्थ आहे. त्यानंतर उच्च रक्तदाब येतो, जो मूत्रपिंड बिघडवतो आणि मूत्रपिंड बिघडल्यामुळे स्वतःही वाढतो. गाळण्यांना येणारी सूज तरुणांतही दिसते आणि तिचे नेमके निदान करण्यासाठी सुईने मूत्रपिंडाचा कण काढून तपासावा लागतो. त्या बायॉप्सीला घाबरून नाही म्हणू नये, कारण या सुजेचे काही प्रकार औषधाने आटोक्यात येतात. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. लहान मुलांना वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल तर लघवी उलट वर चढते का, हे तपासावे लागते.

गोव्याचा विषय निघाला की काणकोण तालुक्याचे नाव घ्यावेच लागते. तेथे मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या माणसांतही मूत्रपिंडाचा आजार नेहमीपेक्षा अधिक आढळला आहे. आंध्र प्रदेशातील उद्दानम आणि श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग येथेही असाच प्रकार दिसतो. काणकोणमध्ये भूजलातील सिलिकासह अनेक शक्यतांचा अभ्यास झाला, पण एकच एक कारण निश्चित झालेले नाही. त्या भागातील माणसाने कारणाचा निकाल लागण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्यावी, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल मला थोडे कडक लिहू द्यावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या जातीची औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात. धडधाकट माणसाने दोन दिवस घेतल्याने सहसा काही बिघडत नाही. पण आधीच ईजीएफआर उतरलेल्या माणसाने, त्यातही रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, ती रोज घेणे फार महागात पडते. फार्मसीत ‘गुडघ्यावर काहीतरी द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘किडनीचा त्रास आहे’ हे आधी सांगावे. भस्मे आणि अनोळखी काढे यांचेही तसेच आहे, कारण काहींत शिसे, पारा यांसारखे जड धातू आढळले आहेत.

आपल्याकडचे आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते घरगुती आणि म्हणूनच निरुपद्रवी वाटते. परसातील बिंबलीचा, म्हणजे त्या आंबट हिरव्या फळांचा, रस कोलेस्टेरॉल उतरवतो अशी समजूत आहे. बिंबलीत ऑक्झॅलेट विपुल असते आणि तिचा दाट रस प्यायल्यावर मूत्रपिंडे अचानक निकामी झालेल्या रुग्णांची नोंद केरळमधील डॉक्टरांनी केली आहे. आमटीत टाकलेल्या दोन फोडी म्हणजे पेलाभर रस नव्हे, हे खरे. पण रस पिऊ नये. तिचेच भावंड असलेले करमल, ज्याला शहरातील फळवाले स्टार फ्रूट म्हणतात, ते तर मूत्रपिंडाच्या रुग्णाने तोंडातच घालू नये, कारण त्यातील विषारी द्रव्य बाहेर टाकले न गेल्यास उचकी, गोंधळ आणि झटके येऊ शकतात.

उतार मंद करणारे उपचार

येथे गेल्या काही वर्षांत खरोखरच मोठा फरक पडला आहे. लघवीतून प्रथिन जात असेल तर टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल यांसारखी गोळी दिली जाते. ती रक्तदाब उतरवते आणि गाळणीवरचा दाबही कमी करते. ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढते आणि पुष्कळ लोक घाबरून ती परस्पर बंद करतात. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा चालवून घेतली जाते, म्हणून एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून डॉक्टरांनाच निर्णय करू द्यावा. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची औषधे मूत्रपिंडाचा उतार मंदावतात आणि मधुमेह नसलेल्या अनेक रुग्णांतही ती उपयोगी ठरली आहेत. आपल्या माणसाला ती का दिली नाहीत, हा प्रश्न तज्ज्ञाला विचारण्यात काही गैर नाही.

रक्तदाब साधारण १३०/८० च्या आत ठेवणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे ही जुनी पथ्ये तशीच आहेत. जुलाब-उलट्या लागल्या किंवा तापात खाणेपिणे तुटले की वरच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. त्या दिवशी काय करायचे ते आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन बंद करतात. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी शिरेतून रंग टोचणार असतील तर आपला आकडा आधी सांगावा.

गोव्याच्या ताटात काय बदलते

मीठ सर्वांत आधी. दिवसाचे सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढी मर्यादा सांगतात. आपल्याकडे ती पेजेबरोबरच्या खारातल्या तोरात, सुक्या बांगड्यात, सुंगटांच्या किसमुरीत आणि पापडात न्याहारीलाच संपते. मीठ कमी करायचे म्हणून बाजारातले ‘लो सोडियम’ मीठ आणणे ही मात्र घातक चूक आहे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. पोटॅशियम फार वाढले की हृदय कोणतीही पूर्वसूचना न देता थांबू शकते.

शहाळ्याचे पाणी आजाऱ्याला द्यायचे ही आपली पद्धत, आणि नेमके तेच येथे चुकते. एका शहाळ्यातून पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज पोटात जाते. वडिलांना पहिल्यांदा इस्पितळातून घरी आणले, त्या संध्याकाळी भेटीला आलेल्यांनी एकूण सात शहाळी आणली होती. ती आम्ही शेजाऱ्यांच्या मुलांना दिली आणि दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कारण समजावून सांगितले. केळी, नीरफणस, टोमॅटो, तांबडी भाजी आणि दाट सोलकढी यांचे प्रमाण अहवालातील पोटॅशियम पाहून ठरवावे. भाजी सोलून बारीक चिरावी, भरपूर पाण्यात उकडावी, ते पाणी ओतून द्यावे आणि मग फोडणी द्यावी. बरेचसे पोटॅशियम त्या पाण्याबरोबर निघून जाते. पण ज्याचे पोटॅशियम मुळात ठीक आहे त्याची फळे-भाज्या केवळ धास्तीने बंद करू नयेत.

प्रथिनांचा नियम मध्येच उलटतो आणि तेथे घरोघरी गोंधळ होतो. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी ते बेताने, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम घ्यायचे असते. डायलिसिस सुरू झाल्यावर ते १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढवायचे असते, कारण प्रत्येक वेळी काही प्रथिन वाहून जाते. आम्ही पहिले तीन महिने जुन्या कागदावरचे पथ्य पाळून वडिलांची मासळी तोडली आणि ते खंगत गेले. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी विचारले, “काका, तुम्हाला मासे कोणी बंद केले?” त्या दिवसापासून ताज्या मासळीचे दोन तुकडे आणि अंड्याचा पांढरा भाग त्यांच्या ताटात परत आला.

डायलिसिसची तयारी डायलिसिसच्या आधी

डायलिसिस कधी सुरू करायचे हे एकट्या क्रिएटिनिनवर ठरत नाही. बहुतेकांना ईजीएफआर पाच ते दहाच्या दरम्यान असताना भूक मरणे, सूज, दम, न आवरणारे पोटॅशियम अशा कारणांनी ते सुरू करावे लागते. तयारीला मात्र ईजीएफआर वीसच्या आसपास आला की लागायचे असते, आणि आमचा सगळा पश्चात्ताप येथे आहे.

यंत्राला मिनिटाला दोनशे-तीनशे मिलिलिटर रक्त लागते आणि हातावरची साधी शीर तेवढे देऊ शकत नाही. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपरापाशी रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडतात. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. जोडलेली शीर फुगून जाड व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, काहींना त्याहून अधिक. फिस्टुला तयार नसेल तर मानेत नळी घालावी लागते आणि नळीतून संसर्ग थेट रक्तात जातो. वडिलांना पाचव्या आठवड्यात डायलिसिस चालू असतानाच हुडहुडी भरली, पांघरुणावर पांघरूण घातले तरी दात वाजत राहिले, आणि त्या नळीपायी अकरा दिवस इस्पितळात काढावे लागले. आजार चौथ्या टप्प्यात आल्यापासून, उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या हातातून रक्त काढू देऊ नये, त्यात सलाईन लावू देऊ नये. प्रयोगशाळेतील मुलगा घाईत असला तरी ठामपणे उजवा हात पुढे करावा आणि शक्य असेल तर तळहाताच्या मागची शीर वापरायला सांगावी.

फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, घड्याळ वा बांगडी घट्ट घालायची नाही, उशीखाली हात घेऊन झोपायचे नाही. रोज सकाळी त्यावर बोटे ठेवावीत. मांजर मांडीवर घुरघुरते तशी थरथर बोटांखाली लागते आणि कान जवळ नेला तर दूरवरच्या ओहळासारखा आवाज येतो. ती थरथर थांबली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे, कारण गुठळी लवकर काढली तर फिस्टुला वाचू शकतो. कावीळ ब ची लसही याच तयारीत येते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ती दुप्पट मात्रेत चार वेळा देतात.

रक्ताचे डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास करायचे असते. आपल्याकडे खर्च आणि प्रवास यांमुळे अनेक जण दोनदाच करतात, पण लघवी जवळजवळ थांबलेली असेल तर दोनदा पुरत नाही. दोन खेपांच्या मध्ये वजन दोन-अडीच किलोंपेक्षा वाढू नये, म्हणून दिवसाची लघवी मोजून त्यात साधारण अर्धा लिटर मिळवावा आणि तेवढेच पाणी, चहा आणि पेज धरून, घ्यावे. अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाला ‘ड्राय वेट’ म्हणतात. रुग्ण खंगला किंवा सुधारला की ते बदलते, आणि यंत्रावर वारंवार पेटके येऊन रक्तदाब कोसळत असेल तर ते पुन्हा ठरवायला सांगावे. गणेशचवथीच्या दिवसांत एखादी खेप चुकवायची आणि वर नेवऱ्या-फळांचा फराळ करायचा, हा प्रकार टाळावा. सणाचा आठवडा जवळ आला की आपली वेळ बदलून घेण्याविषयी युनिटमध्ये आधीच बोलून ठेवावे.

दुसरा प्रकार पोटाच्या डायलिसिसचा. पोटात मऊ नळी बसवून दिवसातून तीन-चार वेळा सुमारे दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा आणि काढून टाकायचा. तो घरीच करता येतो, हृदय कमजोर असलेल्यांना अधिक मानवतो आणि सत्तरी किंवा सांगे तालुक्याच्या आतल्या गावातून आठवड्यात तीनदा शहर गाठण्याची दगदग वाचवतो. त्यासाठी स्वच्छ खोली आणि काटेकोर हात धुणे हवे. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला किंवा पोट दुखू लागले तर ती पिशवी घेऊन लगेच इस्पितळात जावे. या पर्यायाविषयी डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत तर आपण विचारावे.

खर्चाच्या बाजूने, २०१६ मध्ये सुरू झालेल्या, गोवा सरकारच्या आरोग्यविम्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड नूतनीकरण केलेले आहे की नाही हे आजार बळावण्याआधी पाहून घ्यावे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळे येथे डायलिसिसची सोय आहे. घरापासून जवळचे केंद्र कोणते आणि तेथे जागा कधी मिळेल याची चौकशी ईजीएफआर १५ च्या वर असतानाच करावी.

प्रत्यारोपण

ज्याची प्रकृती शस्त्रक्रिया सोसू शकते त्याच्यासाठी डायलिसिसपेक्षा प्रत्यारोपण सरस आहे आणि दाता तयार असेल तर डायलिसिस सुरू होण्यापूर्वीही ते करता येते. जुनी मूत्रपिंडे सहसा तशीच ठेवतात आणि नवे ओटीपोटात एका बाजूला बसवतात. १९९४ च्या कायद्यानुसार व त्यातील २०११ च्या दुरुस्तीनुसार आईवडील, मुले, भावंडे, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात. इतरांना समितीची परवानगी लागते. पैसे घेऊन अवयव देणे-घेणे हा गंभीर गुन्हा आहे, त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा ‘दाता मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. घरात दाता नसेल तर मृत्यूनंतरच्या अवयवदानाच्या यादीत लवकर नाव नोंदवावे. रक्तगट जुळत नसला तरी दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल करणे कायद्याला मान्य आहे. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर शक्यतो रक्त चढवणे टाळतात, कारण त्याने पुढे अवयव जुळणे कठीण होते. रक्तक्षयावर लोह आणि रक्तपेशी तयार करण्याचा संदेश देणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने हा मार्ग असतो.

टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशा, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्या त्यानंतर नवे मूत्रपिंड चालू असेपर्यंत ठरल्या वेळी घ्याव्या लागतात आणि बरे वाटते म्हणून त्या सोडल्या तर नवे मूत्रपिंड हातचे जाते. दात्यालाही दर वर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवी तपासावी लागते. जिवंत दात्यांत बायका कितीतरी अधिक असतात, आणि आई किंवा पत्नी एकदा हो म्हणाली की तिला पुन्हा कोणी विचारत नाही. तिच्याशी डॉक्टरांनी एकटीशी बोलावे, असा आग्रह घरच्या कोणीतरी धरावा.

डायलिसिस नको म्हणणाऱ्यांसाठी

वय खूप झालेले, हृदय थकलेले, अंथरुणाला खिळलेले अशा काही माणसांना डायलिसिसमुळे फारसे आयुष्य मिळत नाही आणि जे मिळते ते गाडीत आणि इस्पितळात जाते. त्यांनी नको म्हटले तर उपचार संपले असे होत नाही. सूज उतरवणाऱ्या गोळ्या, रक्तक्षयाची इंजेक्शने, खाजेवर आणि मळमळीवर औषध, शेवटी दम कमी करण्यासाठी देण्याची औषधे, हे सगळे चालू ठेवता येते. फक्त हा निर्णय माणूस शुद्धीवर असताना, त्याच्या तोंडून ऐकून, लिहून ठेवावा लागतो. माझ्या आत्याने ८४ व्या वर्षी, ईजीएफआर नऊ असताना, तो घेतला. “मला त्या खुर्चीत बसवू नका,” एवढेच ती म्हणाली आणि डॉक्टरांनी ते तिच्या फाईलवर मराठीत लिहिले. त्यानंतर ती चौदा महिने पेडण्याच्या घरी होती. मधल्या चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना कोणते फळ कुठे लटकवायचे हे ती पायांखाली उशी घेऊन ओसरीवरून सांगत होती, आणि करमलांचा घोस जरा बाहेरच्या बाजूला लावायला तिनेच सांगितला.